आडवा फोन

आजारपणात शरणप्पा माणूसघाणे झाले असं सगळी गल्ली म्हणत होती, आणि गल्लीला तरी कुठल्या तोंडानं दोष द्यायचा! भेटायला गेलेला माणूस चेहरा पाडून परत येत होता. कोणी सफरचंदं घेऊन गेलं, कोणी अक्कलकोटचा अंगारा घेऊन गेलं, कोणी नुसतीच तोंडदेखली चौकशी करायला गेलं. सगळ्यांना एकच शब्द ऐकायला मिळाला. जा. बरं, तोंडानं बोलले असते तर लोकांनी आजारी माणसाची चिडचिड म्हणून सोडूनही दिलं असतं. पण वाचा गेलेल्या माणसानं मोबाईलवरचं चित्र दाबून, आठवणीनं, पुन्हापुन्हा 'जा' म्हणायचं म्हणजे काय? आणि तेही पोटच्या पोरीच्या आवाजात!

त्या पोरीचं नाव शिवलीला. हे सगळं तिनंच केलेलं होतं, पण ते तिला फार उशिरा कळलं.

शरणप्पा एसटीत ड्रायव्हर होते. नोकरीतला बहुतेक काळ सोलापूर-अक्कलकोट गाडीवर गेला. रिटायर होऊन जरा कुठं निवांत बसले, तोवर एके सकाळी दाढी करतानाच उजवी बाजू गेली. हात गेला, पाय गेला, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतंय सगळं, पण शब्द बाहेर यायचा नाही. तोंडातून नुसतं 'आं, आं'. लिहिणंही गेलं. मान हलवायचे, पण हो म्हणायचं असलं तरी कधीकधी मान आडवीच जायची, आणि मग आपल्याच मानेवर चिडून डोळ्यांत पाणी आणायचे. शाबूत राहिला तो एक डावा हात. त्यांची बायको दाक्षायणी तेवढ्यावरही देवाचे उपकार मानायची. "गिअरचा हात तरी ठेवला की शिवानं," असं आल्यागेल्याला सांगायची आणि पदर डोळ्याला लावायची.

शिवलीला एकुलती एक. सोलापुरात सात रस्त्याला एका कापड दुकानाच्या माडीवर ऑफिस होतं, तिथं ती मोबाईलची ॲप बनवायची. ऑफिस म्हणजे तीन टेबलं, एक बाक, एक खडखडणारा कूलर आणि गुरु नावाचा सीनियर. हा गुरु बोलायला फटकळ, पण मनाचा साफ. चादर-टॉवेलच्या व्यापाऱ्यांसाठी तिनं तिथं एक ऑर्डरचं ॲप केलं होतं: स्क्रीनवर मालाची चित्रं, चित्रावर बोट ठेवलं की ऑर्डर गेली. वडिलांसाठी, म्हणजे अप्पांसाठी, तिनं तेच उचललं. चादर, टॉवेल, नॅपकिन काढले आणि त्या चौकटींत पाणी, भूक, दुखतंय, पंखा, कूस, संडास, झोप, टीव्ही, हो, नको, ये आणि जा बसवलं. अप्पा चौकट दाबणार आणि फोन बोलणार.

बोलणार कोणाच्या आवाजात, हा पुढचा प्रश्न. फोनमधला तयार मराठी आवाज ऐकून दाक्षायणीनं कपाळाला हात लावला. "ही कोण बाई? पाणी मागतीय का नोटीस वाचून दाखवतीय?" मग शिवलीलानं दार लावून, पंखा बंद करून, सगळे शब्द स्वतःच्या आवाजात भरले. 'ये' भरताना तिनं तो तीनदा भरला. आपल्या घरात माणसाला बोलावतात तसा तो यायला हवा होता, ओढून.

'जा' ठेवायचं की नाही यावर मायलेकींची थोडी वाजली. शिवलीलाला ते नकोच होतं. दाक्षायणी म्हणाली, "ठेव गं. माणसाला कधी एकटं ऱ्हावं वाटतं की. डोळे मिटून पडलं तरी लोक उठत न्हाईत, चहाची वाट बघत बसतात." तेही खरंच होतं. मग शिवलीलानं 'ये' ठेवलं अगदी खाली, डाव्या अंगठ्याच्या टप्प्यात, आणि 'जा' ठेवलं वरच्या टोकाला, अंगठा ताणल्याशिवाय पोचायचाच नाही असं. चुकून कोणाला हाकललं जाऊ नये म्हणून. एवढी शहाणी पोर!

आणि आणखी एक शहाणपण केलं. गुरु पहिल्यापासून तिच्यामागं लागला होता की स्क्रीन उभी बांधून टाक, फिरू देऊ नकोस, फोन आडवा धरून कोणाला कुठं सिनेमा बघायचाय? शिवलीला ऐकायची नाही. घरी तर तिला वाटलं, अप्पा कधी उताणे असणार, कधी कुशीवर असणार. फोन आडवा झाला तर चित्रांनीच सरळ होऊन त्यांच्यासमोर यायला पाहिजे, आजारी माणसानं मान का वाकडी करायची? म्हणून स्क्रीन तिनं मोकळी सोडली. फोन आडवा झाला की चौकटीही नव्यानं रांग धरायच्या, उभ्यात तीन-तीन, आडव्यात चार-चार, म्हणजे कडेला जागा वाया जायला नको. फोन हातात घेऊन तिनं इकडं तिकडं फिरवून बघितला. चित्रं कशी झोकात फिरत होती. तिचं तिलाच कौतुक वाटलं.

अप्पा लवकर शिकले. इतके लवकर की थोड्याच दिवसांत त्यांनी फोनकडं बघणंच सोडलं. आता ड्रायव्हर माणूस गिअर काय खाली बघून टाकतो? नजर रस्त्यावर, हात आपल्या जागी. छताकडं बघत अंगठा बरोबर जायचा आणि फोन म्हणायचा, "पाणी." बायकोकडं बघत अंगठा जायचा, "पंखा." दाक्षायणी शेजारणींना बोलावून दाखवायची. "बगा की, न बगता! अजून हात गाडीवरच हाय त्यांचा."

आता या घरची एक रीत सांगायला हवी. दाक्षायणीच्या सासूनं घालून दिलेली होती ती. दारात माणूस आलं तर घरच्या धन्याची पाठ दाराकडं असता कामा नये, तोंड येणाऱ्याकडंच पाहिजे. सासू जाऊन किती वर्षं झाली, पण रीत कुठं जाते! एरवी अप्पा मागं उशी घेऊन उताणे असायचे. पायरीवर चप्पल वाजली की दाक्षायणी पदर खोचून धावायची, "आलं बगा कोणतरी, वळा," म्हणत त्यांना उजव्या कुशीवर, दाराकडं वळवायची, पाठीशी तक्क्या लावायची आणि वरच्या, चालत्या हातात फोन द्यायची. झाला पाहुणचार. पाहुण्याचं तोंड धन्यासमोर, धन्याचं पाहुण्यासमोर.

आणि फोन आडवा.

तुमच्या लक्षात आलं असेल. त्या घरात कोणाच्याही आलं नाही.

पहिला आला हणमंत. अप्पांच्या गाडीवरचा कंडक्टर. दोघांची ड्युटी इतकी वर्षं एकत्र की डेपोत लोक एकाला हाक मारताना दुसऱ्याचंही नाव घ्यायचे. दवाखान्यात तो रोज यायचा, पण तेव्हा अप्पा नीट शुद्धीवर नव्हते. घरी आणल्यावर थोडं सावरू दे म्हणून थांबला, आणि मग एका रविवारी आला. हातात कागदात बांधलेली शेंगाचटणी. शिवलीला घरीच होती. लहानपणी याच हणमंतकाकांच्या खांद्यावर बसून तिनं गड्ड्याची जत्रा बघितली होती.

"चटणी आणलीय बग शरणा. खायाला न्हाई दिली तर हुंगायला दे म्हनावं वैनीला," असं म्हणतच तो आत आला. दाक्षायणीनं अप्पांना वळवून ठेवलं होतं. हणमंतला बघितलं आणि अप्पांचा चालता गाल वर गेला, डोळे भरले. नजर हणमंतवर ठेवूनच त्यांनी अंगठा खाली, नेहमीच्या कोपऱ्यात नेला.

"जा," फोन म्हणाला.

हणमंत हसला. "आरं, आत्ता तर आलोय."

अप्पांनी परत अंगठा दाबला. "जा."

अप्पांचा चेहरा लाल झाला. 'आं, आं' करत त्यांनी अंगठा पुन्हा दाबला, जोरानं, नुसता कोंबलाच. "जा. जा. जा." शिवलीला धावली. तिनं फोन काढून घेतला, हातात सरळ धरला, तर चित्रं सगळी जागच्या जागी. अप्पा मोकळा झालेला हात हवेत मारायला लागले. तो हात बोलावत होता का हाकलत होता? पण कानात 'जा' बसल्यावर डोळ्यांना दुसरं काय दिसणार?

"डॉक्टर म्हणालेत काका, राग राग करतात असे पेशंट. मनावर घेऊ नका," शिवलीला म्हणाली. लाजेनं तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"ऱ्हाऊ दे बाळ. थकलाय त्यो," हणमंत म्हणाला. चहासुद्धा न घेता तो उठला. पायरीवर चप्पल घालताना त्यानं एकदा मागं बघितलं, मग गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

त्या संध्याकाळी मात्र एक वेगळंच झालं. अप्पा परत उताणे झाले होते आणि फोन म्हणायला लागला, "ये." शिवलीला गेली. "आले की अप्पा. काय पाहिजे?" अप्पांनी तिच्याकडं बघितलं, मग दाराकडं बघितलं. "ये." "हो, आलेय ना मी." "ये. ये." ती जवळ बसली, कपाळावरून हात फिरवला, पाणी विचारलं, कूस विचारली. दाराकडं बघतात म्हणजे वारं लागत असेल म्हणून दाक्षायणीनं दार लावून घेतलं. फोन म्हणत राहिला, "ये. ये." किती दिवस हे चाललं. सकाळी ये, दुपारी ये. शेवटी दाक्षायणी म्हणाली, "बटण अडकतंय काय बग त्याचं." आणि शिवलीलानं खरोखरच फोन बंद करून चालू केला, स्क्रीन फडक्यानं पुसली आणि त्यांच्या हातात परत दिला.

नंतर अप्पांनी ते सारखं 'ये, ये' करणं सोडलं. पाहुणे येत होते आणि 'जा' ऐकून जात होते, तेही हळूहळू थांबलं. मग दाक्षायणीच पायरीवरून माणसं परतवून लावायला लागली. "झोपलेत हो. परत या." लोक मनात म्हणायचे, सुटलो. घर गप्प झालं. शिवलीलाला वाटायचं, अप्पा असे नव्हते. मग वाटायचं, कोणास ठाऊक, आपल्याला माणूस कितीसं कळलेलं असतं. एकदा तर ती त्यांच्यावर ओरडलीसुद्धा. "हणमंतकाकांना असं बोललात तुम्ही! त्यांना!" अप्पांनी डोळे मिटून घेतले होते.

मग एक दिवस ऑफिसात शिवानंदशेठचा फोन आला. चादरीचे व्यापारी, अंगापिंडानं दांडगे, आवाज तर विचारूच नका. गुरुनं फोन स्पीकरवर टाकला.

"चादरी मागवल्या तर नॅपकिनचे गठ्ठे येऊन पडलेत दारात! काय चेष्टा लावलीय काय बे?"

"शेठ, तुमच्याकडनं चुकून दुसरं दाबलं गेलं असंल."

"मी रोज दाबतो तिथंच दाबलं! डोळे झाकून सांगतो, चादर कुठं हाय ते."

गुरुनं विचारलं, "शेठ, बसला कसे होता?"

"कसा बसणार? जेवण झालं, गादीवर पडलो, तक्क्याला टेकून, कुशीवर. आता बसण्याचंबी तुमाला विचारू?"

गुरुनं फोन ठेवला आणि ऑफिसातल्या बाकावर आडवा झाला. कुशीवर वळला, ॲप उघडलं, डोळे मिटले आणि अंगठा ठेवला. मग स्क्रीन शिवलीलाला दाखवली. नॅपकिन. "बघ. स्क्रीन फिरते, चौकटी दुसरीकडं जाऊन बसतात, माणसाचा अंगठा मात्र जुन्याच जागी जातो. त्याला काय माहीत? कितीदा बोंबललो होतो, बांधून टाक म्हणून!"

शिवलीला ऐकत नव्हती. तिनं स्वतःचा फोन काढला. अप्पांचं ॲप तिच्याही फोनवर होतं. गुरु उठला तसं तिनं त्या बाकावर, गुरुसमोर, उजव्या कुशीवर अंग टाकलं. फोन डाव्या हातात. डोळे मिटले, खालच्या कोपऱ्यात अंगठा नेला, 'ये' होतं तिथं.

"जा," तिचाच आवाज म्हणाला.

तिनं परत दाबलं. "जा."

"काय झालं गं?" गुरु म्हणाला. ती उठून जिना उतरून गेली. चप्पल ऑफिसातच राहिली हे तिला रिक्षात बसल्यावर कळलं. डोक्यात एकच चाललं होतं. ये म्हणत होते. हणमंतकाकांना ये म्हणत होते. आणि नंतर सारखं ये ये करत होते ते मला नाही, काकांना परत बोलाव म्हणून सांगत होते, आणि मी काच पुसत बसले.

घरी जाऊन तिनं अप्पांच्या फोनवरची स्क्रीन उभी बांधून टाकली. तेवढंच काम होतं, बसल्या बसल्या झालं. मग स्वयंपाकघरात जाऊन दाक्षायणीला सांगितलं.

"म्हणजे ते ये म्हणत होते?"

"हो अव्वा."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

दाक्षायणी भाकरीच्या पिठाचे हात तसेच घेऊन खाली बसली. "शिव शिव. मीच वळवत होते की गं त्यांना," ती म्हणाली. तव्यावरची भाकरी करपली तरी दोघींपैकी कोणी उठलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवलीला रेल्वे लाइनीपलीकडं हणमंतच्या घरी गेली. दार त्याच्या बायकोनं, नागूबाईनं उघडलं. पाणी दिलं, पण एरवीसारखं जवळ घेतलं नाही. हणमंत बनियनवर बाहेर येऊन बसला. शिवलीलानं सगळं सांगितलं. फोन, कूस, चौकटी. त्यानं मध्ये एकदाही तिला तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "बापाची बाजू सावरतीस. चांगली पोर हायस."

"खोटं नाही काका! तुम्ही झोपा इथं. माझ्या फोनवर अजून जुनंच आहे. झोपून बघा एकदा."

"मी? आता म्हातारपणी झोपून परीक्षा देऊ व्हय?" पण तिचा चेहरा बघून तो खाटेवर आडवा झाला. तिनं त्याला कुशीवर वळवलं, डाव्या हातात फोन दिला. आधी उताणा करून 'ये' कुठं आहे ते दाखवलं होतं. "आता माझ्याकडं बघा. फोनकडं नाही. माझ्याकडं बघून मला बोलवा."

हणमंतनं तिच्याकडं बघत अंगठा दाबला.

"जा."

दारात उभी असलेली नागूबाई म्हणाली, "आगं बया."

हणमंतनं फोन तिच्याकडं दिला. मग उठून बसला. पायाच्या अंगठ्यानं फरशी उकरत होता. बोलला तेव्हा आवाज अगदी खाली होता.

"तुजी आजी होती तवा मी पैल्यांदा आलो तुमच्यात. चा दिला मला, कान तुटलेल्या कपात. त्यो कप भायेर कोनाड्यात असायचा, निराळा. मीच इसळून ठेवायचा. शरणा बगायचा आन मान खाली घालायचा. मी कवा बोललो न्हाई. त्योबी कवा बोलला न्हाई. म्हातारी गेली, कप गेला, पुढं एका डब्यात जेवलो आमी, त्याच्या हातची भाकर मी आन माझी त्यो. मला वाटलं, मिटलं ते."

"काका..."

"ऐक की. त्या दिवशी फोन जा म्हनला, तर मला नवल न्हाई वाटलं. हेच वंगाळ हाय बग. वाटलं, आलं शेवटी व्हटावर. पोटात होतंच ते, आजारात भायेर आलं. फोन चुकला, माणूस चुकतंय, त्याचं काय न्हाई. पर मला लगीच खरं कसं वाटलं गं? येवढी वर्सं शेजारी बसून?"

कपाचं शिवलीलाला माहीतच नव्हतं. ती रडायला लागली, तशी नागूबाई पुढं आली आणि नवऱ्याला म्हणाली, "बसलाय काय? शर्ट घाला."

दोघं रिक्षानं आली. घराची पायरी चढताना हणमंत मुद्दाम खाकरला. दाक्षायणीनं अप्पांना वळवलं. हणमंतला बघून अप्पांच्या तोंडून आवाज निघाला, इतका मोठा की शेजारची बाई खिडकीत आली. शिवलीला पलंगाशी गुडघे टेकून बसली.

"अप्पा, तुमची काही चूक नव्हती. माझी होती. तुम्ही आडवे झालात की चौकटी जागा सोडत होत्या. आता बांधून टाकल्यात, हलायच्या नाहीत. हे बघा." तिनं फोन आडवा धरला आणि स्वतः दाबला. "ये," फोन म्हणाला. "ऐकलं? आता तुम्ही म्हणा. काका आलेत." तिनं फोन त्यांच्या हातात दिला.

अप्पांनी फोनकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी ते फोनकडं बघत होते. मग हणमंतकडं बघितलं. अंगठा खाली कोपऱ्याकडं गेला, 'ये'च्या अगदी वर, आणि थांबला. खाली जाईना.

"दाबा की अप्पा," शिवलीला म्हणाली.

अंगठा टेकत नव्हता. त्यांच्या कपाळावर घाम आला. हणमंत पलंगाच्या कडेवर बसला आणि म्हणाला, "दाब शरणा. जा म्हनला तरी न्हाई जात मी."

अप्पांनी बोटं सोडून दिली. फोन चादरीवर पडला. हात त्यांनी छातीशी ओढून घेतला, मुठीत अंगठा दाबून धरला आणि रडायला लागले, एका बाजूनं. दुसरी बाजू नुसती बघत होती. हणमंतनं ती मूठ उघडायचा प्रयत्न केला नाही. तिच्यावर आपला हात ठेवला आणि दुपार उलटेपर्यंत तिथंच बसला. चटणीचं, डेपोचं, कोणकोण रिटायर झालं त्याचं बोलत राहिला. निघताना दाक्षायणीनं विचारलं, "परत याल ना?" "येतो की," तो म्हणाला. आणि आला, दर रविवारी आला. त्याला बघून अप्पा रडायचे, मग शांत व्हायचे. कधीकधी तोही डोळे पुसत पायरी उतरायचा.

पण अप्पांनी तो फोन परत उचलला नाही. हणमंतसाठी नाही, कोणासाठीच नाही. हो नाही, नको नाही, पंखा नाही. शिवलीलानं विनवण्या केल्या, दाक्षायणीनं शपथा घातल्या. हातात दिला की बोटं ढिली व्हायची. काय दुखतंय, कुठं दुखतंय, सगळं परत तोंडाकडं बघून ओळखणं आलं, आणि त्यातलं निम्मं चुकायचं.

एप्रिलात ऊन असं पेटलं की भर दुपारी रस्ते ओस. त्यात एका दिवशी दाक्षायणी मठात गेली आणि तिथं अडकून पडली. शिवलीला लवकर घरी आली तर वीज गेलेली, खोली भट्टी झालेली, आणि अप्पा घामानं निथळत पडलेले. ओठांवर पांढरी साल धरलेली. फोन डाव्या हाताजवळच होता, चार्ज होता, उघडा होता. पाण्याची चौकट हाताला लागेल अशी होती. शेजारीण भिंतीपलीकडंच होती; फोन एकदा बोलला असता तर ती धावत आली असती.

"अप्पा, पाणी तरी मागायचं होतं की हो," ती म्हणाली आणि तांब्या-भांडं घेऊन आली. भांडं त्यांच्या ओठांना लावलं. अप्पांनी ओठ घट्ट मिटून घेतले. तिनं परत लावलं. त्यांनी मान वळवली. नजर फोनवर होती. फोन तिथं असेपर्यंत ते पाणी घेणार नव्हते. मग तिनं भांडं खाली ठेवलं, फोन उचलला, आतल्या खोलीत नेऊन कपाटात ठेवला आणि कपाट लावल्याचा आवाज त्यांना येईल असं लावलं.

परत आली तेव्हा अप्पांनी तोंड उघडलेलं होतं. ती पाणी पाजत गेली आणि ते तिच्याकडं बघत पीत राहिले, तांब्या संपेपर्यंत.